वेलांटीबाईंचा फॉर्म

नगरपालिकेत त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. सव्वीस वर्षं त्या टंकलेखन विभागात होत्या. टाइपरायटर गेले, संगणक आले, छताचा पंखा दोनदा बदलला, पण बाईंच्या टेबलावरून बाहेर पडलेल्या कागदात ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. पाण्याच्या टाकीची निविदा असो की मोकाट कुत्र्यांबद्दलची सूचना, मसुदा आला की बाईंची लाल पेन्सिल त्यावरून एकदा फिरायचीच. मुख्याधिकाऱ्यांची सही झालेला कागदसुद्धा त्यांनी एकदा परत पाठवला होता, आणि तो निमूटपणे दुरुस्त होऊन आला होता.

साथ आली आणि गाव बंद झालं. नगरपालिकेच्या पुढच्या दाराला कुलूप लागलं, कामकाज मागच्या खिडकीतून सुरू झालं. दुकानं बंद, शाळेच्या गाड्या बंद, खेळण्यांचा कारखाना बंद. दोन महिन्यांनी नगरपालिकेने ठराव केला की काम बंद पडलेल्या प्रत्येक घराला तीन महिने ठरावीक रक्कम द्यायची. अर्ज छापले, खिडकीत गठ्ठा ठेवला, फाटकापाशी अर्ज टाकायला पत्र्याची पेटी ठेवली. बाराशे घरं तरी येतील असा अंदाज होता.

तीन आठवड्यांनी मुख्याधिकाऱ्यांनी चौघांना आपल्या खोलीत बोलावलं. मुख्याधिकारी वयाने बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, सगळे त्यांना मॅडम म्हणत. खिडक्या सताड उघड्या, खुर्च्या एकमेकींपासून लांब, सगळ्यांच्या तोंडावर मास्क.

"अर्ज किती वाटले?" मॅडमनी विचारलं.

"सतराशे गेले खिडकीतून," हिशेबनीस म्हणाले.

"आणि भरून किती आले?"

"त्रेचाळीस."

मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत वाटप सुरू झालं नाही तर ही तरतूद दुसऱ्या कामाला वळते. मग मी मागूनही मिळणार नाही."

हिशेबनिसांना कचेरीत नियमकाका म्हणत. माणूस सरळ, पण कागदाला कागद जोडल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. ते म्हणाले, "खरी गरज असती तर लोक आले असते."

"मग सतराशे लोक अर्ज घेऊन गेले ते कशाला?" मॅडम म्हणाल्या.

अर्ज बाईंनीच तपासून छापायला पाठवला होता. चार पानं, एकतीस कलमं, आणि एक काना इकडचा तिकडे नाही. अर्जात खोट असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. पण सतराशेतून त्रेचाळीस हा आकडा त्यांच्या डोक्यातून जाईना. घरी जाताना त्यांनी एक कोरा अर्ज पिशवीत घातला. कुणाकडून तरी तो मोठ्याने वाचून घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

हे कुणाकडून करून घ्यायचं याचा त्यांना फार विचार करावा लागला नाही. त्यांचा दादा दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. खाली त्याचं केस कापायचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. वडील गेले तेव्हा बाई अकरा वर्षांच्या होत्या आणि दादा सतरा. त्याने शाळा सोडली, दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारत मारत कात्री हातात घेतली, आणि पुढे बहिणीला टंकलेखनाच्या क्लासला घातलं. क्लास सुटायच्या वेळी तो रोज जिन्याखाली उभा असायचा. गिऱ्हाईक अर्धवट सोडून येत असे की काय, हे त्यांना कधी कळलं नाही.

जिना चढताना बाईंनी दुकानाच्या जाळीतून आत पाहिलं. एकच खुर्ची होती. दुसऱ्या खुर्चीच्या जागी जमिनीतून चार बोल्ट वर आलेले दिसत होते.

दादा वरच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून कात्र्यांना तेल लावत बसला होता. तीन महिने न वापरलेल्या कात्र्या आरशासारख्या चकचकीत होत्या.

"ये. तिथेच बस, अंतर ठेव," तो म्हणाला. "तू दहा माणसांत वावरतेस."

"कसं चाललंय?"

"मस्त चाललंय. आयुष्यात पहिल्यांदा दुपारी झोपतो."

वहिनीने आतून चहा आणून कठड्यावर ठेवला. काळा होता. "हल्ली आम्हाला असाच आवडतो," वहिनी म्हणाली आणि बाईंच्या डोळ्यांकडे न बघता आत गेली.

"खाली दुसरी खुर्ची दिसली नाही."

"दुरुस्तीला दिलीय," दादा म्हणाला आणि कात्रीचं टोक उजेडात धरून फारच बारकाईने बघू लागला.

बाईंनी विषय वाढवला नाही. दादाला खोदून विचारलं की तो शिंपल्यासारखा मिटतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. "माझं एक काम कर. हा मोठ्याने वाच. कुठे अडखळतोस ते मला बघायचंय."

"मी नववी नापास. माझ्याकडून कसली परीक्षा घेतेस?"

"म्हणूनच."

दादाने हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "निराधार कुटुंब साहाय्य याचना अर्ज." इथे तो जरा थांबला, घसा साफ केला, पुढे गेला. नाव, पत्ता ठीक. चौथ्या कलमावर पुन्हा गाडी अडली. "अर्जदाराच्या निर्वाहाचे साधन संपुष्टात आल्याची कारणमीमांसा. म्हणजे काय लिहायचं गं?"

"काम का बंद पडलं ते."

"मग तसं विचारा की. सगळ्या गावाला माहितीय का बंद पडलं ते." त्याने अर्ज खाली ठेवला. "आणि हे तरी बरं. तिसऱ्या पानावर ते दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांचं जे आहे, ते कुणाच्या डोक्यातून निघालं?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. अर्ज पहिल्या पानावरच उघडा होता. दादाने पान उलटलंच नव्हतं.

म्हणजे खिडकीतून अर्ज घेऊन गेलेल्या सतराशे जणांत तो होता. घरी आणून तो तिसऱ्या पानापर्यंत पोहोचला होता आणि तिथून मागे फिरला होता. हे बाईंच्या लक्षात आलं, आणि आपल्या लक्षात आलंय हे दादाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

"काय आहे तिसऱ्या पानावर?" त्यांनी विचारलं.

"अर्जदार निराधार असल्याबद्दल दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांचं सहीनिशी निवेदन." हे तो न वाचता, पाठ म्हणावं तसं म्हणाला. "समोरचा किराणावाला वीस वर्षं माझ्यासमोर मान वाकवून बसतोय. मी त्याच्याकडे जाऊन म्हणायचं, बाबा रे, मी निराधार आहे असं लिहून दे? मला दोन हात आहेत. कात्र्या आहेत. दुकान तुम्ही बंद करायला सांगितलंत म्हणून मी बंद केलं, एक दिवस चोरून उघडलं नाही. यात निराधार कुठून आलो मी?" तो आवाज न चढवता बोलत होता. मग एकदम हसला. "मी आपलं लोकांचं सांगतोय. लोकांना असं वाटत असेल."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "लोकांना असंच वाटत असणार."

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्या गेल्या त्यांनी ठरावाची प्रत काढली. ठराव जेमतेम अर्ध्या पानाचा होता. साथीमुळे काम बंद पडलेलं असावं, घर गावाच्या हद्दीत असावं, एका घरातून एकच अर्ज यावा. बस. निराधार हा शब्द त्यात कुठेच नव्हता. शेजारी नव्हते, याचना नव्हती, कारणमीमांसा तर नव्हतीच.

मग हे आलं कुठून? वेळ नव्हता म्हणून जुन्या नमुन्यावरून अर्ज उचलला, असं नियमकाकांनी सांगितलं. बाई अभिलेख खोलीत गेल्या. फायलींवर धुळीचा थर बोटभर. बावीस वर्षांपूर्वी बाजारपेठेत आग लागली होती तेव्हाचा नमुना त्यांना सापडला. अक्षरशः तोच अर्ज. आणि चौथ्या पानाच्या तळाशी, टंकलेखन करणाऱ्याने आपली आद्याक्षरं टाकायची त्या जागी, त्यांची स्वतःची आद्याक्षरं होती.

बाई तिथल्याच लोखंडी स्टुलावर बसल्या. छापायला देताना त्यांनी नुसते काने आणि वेलांट्या तपासल्या होत्या; आता सगळं आठवलं. त्यांच्या नोकरीला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. साहेबांनी तोंडी चार गोष्टी सांगितल्या होत्या आणि बाईंनी शब्दकोश उघडून, दोन रात्री जागून, त्या चार गोष्टींच्या एकतीस केल्या होत्या. 'मागणी' खोडून 'याचना' त्यांनीच घातलं होतं, कारण ते वजनदार वाटत होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर अर्ज उंच धरून म्हटलं होतं, "याला म्हणतात भाषा." तो दिवस बाईंनी इतकी वर्षं जपून ठेवला होता. आगीत दुकान गेलेल्या लोकांनी तो अर्ज हातात घेतल्यावर त्यांचं काय झालं असेल, हा विचार त्यांच्या मनाला तेव्हा शिवलाही नव्हता.

तिथे बसून रडण्यासारखं काही नव्हतं, आणि बाई रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी धूळ झटकली, तो नमुना घेतला आणि थेट मॅडमच्या खोलीत गेल्या. नियमकाका तिथेच होते.

"मॅडम, लोक का येत नाहीत ते कळलं. या अर्जामुळे. आणि हा अर्ज मी लिहिलाय." त्यांनी आद्याक्षरांवर बोट ठेवलं. "मला नवा लिहू द्या. एका पानाचा."

"एका पानात कसं मावेल?" नियमकाका म्हणाले. "पुरावे नकोत? उद्या तपासणी लागली तर उत्तर मला द्यावं लागेल. कुणीही उठेल आणि माझं दुकान बंद आहे म्हणेल."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "काका, दुकानं बंद ठेवायचा हुकूम कुणी काढला?"

"आपणच काढला."

"तो हुकूम टाइप मी केला, जावक क्रमांक तुम्ही घातलात. दुकान बंद आहे याचा पुरावा मग आपण त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागायचा? परवान्यांची वही आपल्याकडे, घरपट्टीची वही आपल्याकडे. जे आपल्या कपाटात आहे ते आपण लोकांकडे मागतोय. वर शेजाऱ्याची सही."

नियमकाका माणूस सरळ होते हे आधी सांगितलंच. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि जुना अर्ज ओढून घेतला. "कलम सहा ते चौदा माझ्या वह्यांत आहेत. ही मी बघेन," ते म्हणाले आणि नऊ कलमांवर एक आडवी रेघ मारली. मग पान उलटून, "पंधरा ते वीसही माझ्याकडे आहेत."

मॅडम म्हणाल्या, "बाई, किती वेळ लागेल?"

"दोन दिवस द्या."

चार पानांच्या अर्जाला बाईंना जेवढे कष्ट पडले नव्हते तेवढे या एका पानाला पडले. त्यांनी वाक्य लिहावं, दादाच्या आवाजात मनातल्या मनात वाचावं, आणि जिथे तो थांबेल असं वाटेल तिथे खोडावं. 'अर्जदार' गेला, 'तुम्ही' आलं. 'याचना' गेली. 'काम बंद असलेल्या घरांसाठी मदतीचा फॉर्म' असं साधं नाव ठरलं. त्याखाली दोन वाक्यं होती: 'साथीमुळे तुमचं काम थांबलं, यात तुमची काही चूक नाही. नगरपालिकेने ही रक्कम तुमच्या घरासाठी बाजूला ठेवली आहे.' पुढे पाच प्रश्न. नाव काय, पत्ता काय, घरात किती माणसं, काम कधीपासून बंद, आणि तुम्ही काय काम करता. हा शेवटचा प्रश्न आधी 'काय काम करत होता' असा होता. बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि 'होता' खोडलं. त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

नियमकाकांनी मसुदा पाहून भुवया उंचावल्या. "चूक नाही, असं सरकारी कागदावर कधी छापलेलं मी तरी पाहिलं नाही. आणि बाई, 'तुमचं'? 'तुमचे' हवं ना? तुम्ही स्वतः आयुष्यभर लोकांचे अनुस्वार उडवलेत."

"उडवले," बाई म्हणाल्या. "हा मात्र राहू द्या."

मॅडमनी एकदा वाचून सही केली.

खिडकीत गठ्ठा ठेवायचा प्रकारही बाईंनी बंद करायला लावला. खिडकीसमोर रांगेत उभं राहिलं की गाव बघतं. कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसांनी प्रत्येक दाराच्या फटीतून एकेक फॉर्म सरकवला, ज्याला लागेल त्यालाही आणि न लागेल त्यालाही. त्यामुळे कुणाच्या हातात फॉर्म दिसला तर त्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही.

पहिल्या दिवशी पेटीत साठ फॉर्म निघाले. दुसऱ्या दिवशी पेटीचं झाकण बसेना. त्या काळी कागदाचीही भीती होती, म्हणून आलेले फॉर्म एक दिवस रिकाम्या सभागृहात पसरून ठेवत आणि मगच हात लावत. नगरसेवकांच्या बाकांवर, अध्यक्षांच्या टेबलावर, जमिनीवर, जिकडे तिकडे फॉर्म. बाई सकाळी हातमोजे घालून ते गोळा करायच्या आणि गोळा करता करता वाचत राहायच्या. दोन ओळी कुणालाच पुरल्या नव्हत्या. लोकांनी समासात लिहिलं होतं, पाठीमागे लिहिलं होतं. 'बाहुल्यांना डोळे बसवते. दिवसाला चारशे, एकही तिरळी नाही.' 'शाळेची गाडी चालवते. अकरा वर्षांत एकदाही उशीर नाही, पाहिजे तर मुख्याध्यापकांना विचारा.' 'समारंभात ट्रम्पेट वाजवतो. घरी वाजवला की शेजारी ओरडतात.' शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी. बाईंची लाल पेन्सिल ड्रॉवरमध्ये होती आणि ती काढावी असं त्यांना एकदाही वाटलं नाही. उलट एकेक फॉर्म वाचून झाला की त्यांची मान जरा ताठ व्हायची, जणू ही सगळी कामं त्यांच्याच घरच्या माणसांची आहेत.

पाचव्या दिवशी अध्यक्षांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात एक फॉर्म निघाला आणि अक्षर बघून बाईंचा हात थांबला. मोठं, उजवीकडे झुकलेलं, दर शब्दानंतर जास्तीची जागा सोडलेलं. दादाने लिहिलं होतं, 'केस कापतो. छत्तीस वर्षं. दोन खुर्च्या होत्या, सध्या एक.'

बाईंनी ते पुन्हा वाचलं नाही. तो एकच फॉर्म हातात घेऊन त्या हिशेब विभागात गेल्या. तिथे सहा जण लांब लांब बसून काम करत होते. मास्कमधून ऐकू जावं म्हणून बाई नेहमीपेक्षा मोठ्याने बोलल्या. "काका, हा माझ्या सख्ख्या भावाचा आहे. मी याला हात लावणं बरोबर नाही. तुम्ही बघा."

सहाही जणांनी वर पाहिलं. वेलांटीबाईंचा भाऊ, म्हणजे अर्ध्या कचेरीचे केस कापणारा माणूस. बाईंनी कुणाची नजर चुकवली नाही. एका कारकुनाने हळूच सांगितलं, "माझ्या सासऱ्यांचाही आहे त्यात. मी बोललो नव्हतो."

"मग तोही काकांकडे द्या," बाई म्हणाल्या.

नियमकाकांनी परवान्यांची वही काढली, बोटाने ओळ शोधली, घरपट्टीची वही पाहिली, जसं सगळ्यांचं पाहत होते तसंच. मग शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. "नियमात बसतं," ते म्हणाले आणि शिक्का उठवला.

महिना संपायच्या आत अकराशे सत्तर घरांची मदत सुरू झाली. तरतूद दुसरीकडे वळली नाही. काही खोटे अर्जही आले, एकूण नऊ, आणि ते सगळे नियमकाकांच्या वह्यांनी पकडले. याचा काकांना इतका आनंद झाला की तो आकडा ते जो भेटेल त्याला सांगत. शेजारच्या दोन गावांनी फॉर्मचा नमुना मागून नेला. मॅडमनी एक दिवस शिपायाकरवी बाईंच्या टेबलावर कागदांचा ढीग पाठवला. जन्मनोंद, नळजोडणी, वृद्धांचा दाखला, नगरपालिकेचे झाडून सगळे अर्ज. वर चिठ्ठी होती: 'जमेल तसे. घाई नाही. पण सगळे.'

दादाने मदतीबद्दल बहिणीला कधी काही सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. वहिनीचा चहा मात्र पुन्हा दुधाचा झाला.

दुकानं उघडायची परवानगी मिळाली त्या आठवड्यात बाई कचेरीतून परतताना दादाच्या दुकानावरून गेल्या. बाहेर खडूने आखलेल्या चौकोनांत चार माणसं उभी होती, सगळ्यांचे केस कानांवर आलेले. आत एकुलत्या खुर्चीत बँकेतला पहारेकरी मान वाकवून बसला होता. दादाची पाठ दाराकडे होती आणि कात्रीपेक्षा जीभ वेगात चालली होती.

"घेतली ना," दादा म्हणत होता. "तीन महिने घेतली मदत. त्यात लपवायचं काय? फॉर्म भरल्याशिवाय तो कसा आहे हे कळणार कसं? आधीचा जो होता तो माणसाला जमिनीत गाडायचा. हा बघा. मी, नववी नापास, एका दमात भरला. कुठे थांबायला लागलं नाही."

"कुणीतरी डोकेबाज साहेब असणार," पहारेकरी म्हणाला.

कात्री थांबली. "साहेब नाही. माझी बहीण. टंकलेखन विभागात असते. क्लासला मीच घातली होती तिला." दादाने आरशातून बाहेरच्या चौघांनाही आपल्या बोलण्यात ओढलं. "तुम्हीही ऐका. पाचच प्रश्न. पहिला काय, तर नाव. दुसरा पत्ता. आता तिसरा कसा विचारलाय बघा, घरात किती माणसं. नुसतं तेवढंच. अवलंबून कोण, कमावते कोण, काही भानगड नाही. मान हलवू नका, कान कापला जाईल."

बाईंना खरं तर त्याला सांगायचं होतं की पुरे आता, गिऱ्हाइकं ताटकळलीत. पण दादा अजून तिसऱ्याच प्रश्नावर होता. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि उरलेले दोन ऐकत राहिल्या.